यंत्र आपलं, मग नकाशाही आपलाच हवा



शेवया, मिरची कांडप, शिवणकाम, शेळ्या यांवर आपण या कार्यक्रमात पुष्कळ बोललो. आज विषय लोखंडाचा आणि संगणकाचा आहे. घाबरू नका. गटाची हिशोबाची वही लिहिणाऱ्या बाईला कळणार नाही असं यात काही नाही.

आमच्या प्रभागातल्या एका गटाची अवजार बँक आहे. ऐन पेरणीत टोकण यंत्राची बियाण्याची चकती तुटते आणि ती आणायला खामगाव नाहीतर अकोला गाठावं लागतं. म्हणून संगणकावर चालणारं छोटं कटाई यंत्र घ्यायचं आणि चकत्या गावातच कापायच्या, असं गटाने ठरवलं. दरपत्रक आलं. यंत्राच्या किमतीखाली एक ओळ होती, ‘सॉफ्टवेअर वेगळे’. बैठकीत सगळ्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं. यंत्राला हात लावून बघता येतं, पण हे पैसे नेमके कशाचे?

शिवण करणाऱ्या मैत्रिणींना हे लवकर कळेल. ब्लाउज बेतताना आपण आधी कागदाचा पॅटर्न काढतो. मग कात्री कुठून सुरू करायची, कुठे वळवायची ते ठरवतो. वर्कशॉपमध्येही हेच दोन टप्पे. वस्तूचा नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरला कॅड म्हणतात. कापणारं हत्यार कुठून, किती वेगाने आणि किती खोल फिरवायचं हे ठरवतं ते कॅम. शेवटी ही वाट यंत्राला समजेल अशा आकड्यांत आणि अक्षरांत लिहावी लागते. त्याला जी-कोड म्हणतात. प्रत्येक यंत्राची बोली थोडी वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याचं नाव पोस्ट-प्रोसेसर. हा दुभाष्या चुकला तर हत्यार भलतीकडे जातं आणि मोडतं.

आता चकतीचं बघा. सोयाबीनची वेगळी, हरभऱ्याची वेगळी, मक्याची वेगळी. भोक लहान पडलं तर दाणा बसत नाही, मोठं झालं तर दोन दोन दाणे पडतात. चार वेळा कापून, शेतात चालवून माप जुळतं. असा जुळलेला नकाशा म्हणजे गटाची ठेवच. सॉफ्टवेअर निवडताना ही ठेव कुणाच्या कुलपात जाते, हे सगळ्यात आधी बघायचं.

कारण आता बरीच सॉफ्टवेअर विकत मिळत नाहीत, वर्षाच्या भाड्याने मिळतात. भाडं थकलं की काम बंद. नकाशे त्यांच्याच पद्धतीत साठवलेले असतील, तर मृग तोंडावर असताना आपलेच नकाशे आपल्याला उघडता येत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक नकाशाची एक प्रत स्टेप किंवा डीएक्सएफ या नमुन्यात काढून ठेवायची. हे नमुने दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडतात. एक पेनड्राइव्ह सचिवताईंकडे, एक कोषाध्यक्षांकडे. आणि नोंदणी गटाच्या ईमेलवर करायची, कुणाच्या मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावावर नको. मुलगा नोकरीला पुण्याला गेला की पासवर्डही पुण्याला जातो.

आता कोणतं घ्यायचं? मोठ्या कारखान्यांत सॉलिडवर्क्स, मास्टरकॅम चालतात. ती चांगली आहेत, पण महाग आहेत. सपाट चकत्या कापायला त्यांची गरज नाही. बैलगाडीने होणाऱ्या कामाला ट्रक कशाला?

फ्यूजन नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात नकाशा आणि कटाई दोन्ही होतं. ते फुकट मिळतं असं पुष्कळ जण सांगतात. पण फुकटची परवानगी फक्त घरगुती वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही. त्यात एका वेळी दहाच नकाशे बदलासाठी खुले ठेवता येतात. आपण चकत्या विकणार, म्हणजे पैसे भरूनच घ्यावं लागेल. शिवाय ते बरंचसं इंटरनेटवर विसंबून आहे. आपल्याकडे पाऊस आला की रेंज जाते, हे लक्षात ठेवा.

फ्रीकॅड मात्र खरंच फुकट आहे, धंद्यासाठीही. त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. कटाईचा भाग त्यातच आहे. छोट्या यंत्रांत सापडणाऱ्या माक-३, ग्रबल, लिनक्ससीएनसी या प्रणालींचे दुभाषे त्यात आहेत. त्याचे तोटेही सांगतो. शिकायला वेळ लागतो, अडलं तर फोन करायला कंपनी नाही, आणि लेथच्या कामाला ते कमी पडतं. चकत्या, पट्ट्या, झाकणं अशा सपाट कामाला पुरतं. नुसता सपाट नकाशा काढायचा असेल तर लिब्रेकॅडही फुकट आहे.

कुणी म्हणेल, महागडं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर फुकटात टाकून देतो. नाही म्हणा. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. गटाच्या अध्यक्षबाईंवर ही वेळ का आणायची?

गावात असं काम होतं का, असं वाटत असेल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ बघा. डॉ. कलबागांनी तिथे १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, तिथे उभी राहिली. गावाकडची मुलं-मुली तिथे काम करत करत शिकतात.

आता करायचं काय? तीन गोष्टी.

पहिली, विक्रेत्याचा नमुना बघून भुलू नका. आपली तुटकी चकती घेऊन जा. समोर नकाशा काढायला लावा, आधी हत्यार हवेत चालवून दाखवायला सांगा, मग कापून घ्या. त्यानंतरच आगाऊ रक्कम.

दुसरी, भाड्याचा हिशोब वस्तूवर मांडा. समजा वर्षाला ३० हजार भाडं आणि ५०० चकत्या विकल्या, तर चकतीमागे ६० रुपये नुसते सॉफ्टवेअरचे. तेवढं गिऱ्हाईक देईल का, हे बैठकीत विचारा आणि ठरावात लिहा.

तिसरी, निदान दोन जणींनी शिकायचं. गावात आयटीआय झालेली मुलगी असेल तर तिला मानधन देऊन शिकवायला बसवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात फुकटच्या अनेक सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही आहेत. एकीच्याच हातात किल्ली राहिली, तर ती माहेरी गेली की वर्कशॉप बंद.

आमचं सांगणं एवढंच की, आधी फुकटच्या सॉफ्टवेअरवर एक हंगाम काढा. काम वाढलं, ते अपुरं पडलं, तर भाड्याचं घ्या. तोवर नकाशे आपल्याजवळ जमलेले असतील आणि विक्रेत्याशी बोलताना आवाजही वाढलेला असेल.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!