सतरा वर्षांनी येणारे पाहुणे



शिकागोजवळ आमच्या घरामागे कुक काउंटीने राखलेलं जंगल आहे. वाघबिघ नाहीत, हरणं, कायोटी आणि सिकाडा. हा किडा १७ वर्षं जमिनीखाली झाडांच्या मुळांतला रस पीत राहतो. आठ इंच खोलवरची माती साधारण १८ अंशांपर्यंत तापली, की सगळे एकदम वर. २००७ मध्ये आले, मग थेट २०२४ मध्ये. एवढा आवाज, की अंगणात फोनवर बोलता येईना! संख्येने इतके, की पक्षी खाऊन खाऊन किती खाणार? बचावाची युक्ती तेवढीच.

पण काही जण २०२० मध्येच, चार वर्षं आधी वर आले. असं पूर्वीही घडलंय. तरी वाढत्या उष्णतेने त्यांचं घड्याळ बिघडतंय का, अशी शास्त्रज्ञांना शंका आहे. थोडेच आले, तर पक्षी त्यांचा फडशा पाडतात.

सुट्टीच्या दिवशी आम्ही स्वयंसेवक तिथे बकथॉर्नची झुडपं तोडतो. त्यांच्या दाट सावलीत ओकची रोपं तग धरत नाहीत आणि सिकाडांची पिल्लं तर आत्ता ओकच्याच मुळांना चिकटून आहेत. पुढची खेप २०४१ ची. आपल्या बॅचची तेव्हा साठी उलटलेली असेल. गुडघे सांभाळून या, उतरायला आमचं घर आहेच.