नाईट आणि पगार

१९५२ साली पुण्यात ‘लाखाची गोष्ट’ लागला, तेव्हा भानुविलास टॉकीजच्या खिडकीत बसून तिकिटं देणारा बुकिंग क्लार्क आणि आत पडद्यावर लोकांना हसवणारा नायक एकच होता. राजा गोसावी. त्याआधी नाटक-सिनेमाच्या कंपन्यांत त्यांनी पडेल ते काम केलं होतं. दिग्दर्शक राजा परांजप्यांनी त्यांना नायक केलं, सिनेमा धो धो चालला आणि ही तिकीटखिडकीची गोष्ट नाटकवाल्यांच्या गप्पांत कायमची जाऊन बसली. ती सांगताना सगळे हसतात, नशिबाचा काय खेळ म्हणतात. त्या खिडकीत दर महिन्याला पगार मिळत होता, याकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

नटाच्या धडपडीची गोष्ट आपल्याकडे एका ठरावीक चालीवर सांगितली जाते. गावाहून आलेला मुलगा, दादर स्टेशन, फलाटावरची रात्र, एका वडापाववर काढलेला दिवस आणि मग भेटलेला एखादा देवमाणूस निर्माता. चॅनेलवरच्या मुलाखतीत इथे पाठीमागे बासरी सुरू होते. हे सगळं खोटं असतं असं नव्हे. उपाशी राहिलेले नट खरोखरच होऊन गेले. पण उपाशी माणूस दहा वर्षं तालमीला येत नाही. दोन वर्षांत तो गावची एसटी पकडतो, आणि त्याची मुलाखत कुणी घेत नाही. जे टिकले त्यांच्यातल्या पुष्कळांच्या चिकाटीला कुठून तरी पगाराचा टेकू होता. स्वातंत्र्यानंतरचं मराठी नाटक-सिनेमाचं जग या हिशेबाने पुन्हा चाळलं, तर ओळखीची नावंही जरा वेगळी दिसू लागतात.

निळू फुले घ्या. ऐन तारुण्यात ते पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळी म्हणून लागले. पगार ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छा होती, पण भांडवल नव्हतं. दिवसा बागकाम आणि बाकीचा वेळ सेवा दलाचं कलापथक. हे कलापथक म्हणजेच त्यांची अभिनयाची शाळा. तेव्हा ते १० रुपये देणगी होते की फी, हे ज्याने त्याने ठरवावं. पारावर नाहीतर देवळापुढे, मिळेल त्या उजेडात वग लावायचा. समोर बसलेल्याने तिकीट काढलेलं नसतं, त्यामुळे कंटाळा आला की तो सरळ उठून जातो. अशा प्रेक्षकाला धरून ठेवायचं तर आवाज कधी खाली आणायचा, नजर कुठे रोखायची, वाक्य कुठे तोडायचं, हे अंगातच मुरावं लागतं. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं. अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तला झेलेअण्णा पडद्यावर आला १९६८ साली, म्हणजे फुल्यांच्या वयाच्या सदतीस-अडतिसाव्या वर्षी. सिनेमावाल्यांच्या लेखी हा नवा चेहरा! चारच वर्षांनी ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक उभं करताना कमलाकर सारंगांनी त्यांनाच घेतलं. कॅमेऱ्यापुढे किंवा व्यावसायिक रंगमंचावर जी तयारी दिसली, तिच्यामागे माळीकामाच्या पगारावर काढलेली वर्षं होती.

आता बँका. या सभागृहातल्या पहिल्या चार रांगांत बँकेतून निवृत्त झालेली मंडळी बरीच असणार; व्याख्यानमाला त्यांच्याच जिवावर चालतात. मराठी नाटकही एके काळी बरंचसं त्यांच्याच जिवावर चालत होतं. अशोक सराफ यांनी मामा गोपीनाथ सावकारांच्या हाताखाली ‘ययाति आणि देवयानी’त विदूषक केला आणि पुढची कित्येक वर्षं स्टेट बँकेची नोकरी सांभाळत नाटकं केली. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात कारकून होते. १९७४ च्या ‘रजनीगंधा’नंतर हिंदी सिनेमात त्यांनी बसच्या रांगेतला, साहेबाला घाबरणारा नोकरदार असा काही रंगवला की लोकांना तो शेजारचा वाटला. वाटणारच. त्यांनी ते टेबल आतून पाहिलेलं होतं.

दहा ते पाचची नोकरी, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवार प्रयोग. हे वेळापत्रक जमत होतं, म्हणून हौशी रंगभूमी उभी राहिली. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा होत्या, शिवाय बँका, रेल्वे, बेस्ट यांची आपापली नाट्यमंडळं होती. पुण्यात कॉलेजच्या पोरांसाठी १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक होता. या सगळ्या जत्रेत एका माणसाचं नाव मात्र कुठल्याच श्रेयनामावलीत येत नाही. मस्टरवर सही करून साडेतीनलाच पसार होणाऱ्या कारकुनाकडे डोळेझाक करणारा साहेब! राज्य नाट्य स्पर्धेतल्या अर्ध्या बक्षिसांवर खरं तर त्याचा हक्क आहे.

डॉक्टरांची गोष्ट थोडी निराळी. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. पुण्यात प्रॅक्टिस केली, टांझानियात केली, आणि बरोबरीने पुण्याची पी.डी.ए. आणि मुंबईची रंगायन या नाट्यसंस्थांत नाटक केलं. पूर्ण वेळ नट व्हायचं त्यांनी ठरवलं ते १९६९ साली, बेचाळिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी धी गोवा हिंदू असोसिएशनने त्यांना मुख्य भूमिकेत घेऊन ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणलं. हा निर्णय धाडसाचा होता यात शंका नाही. पण हे धाडस एकविसाव्या वर्षीच्या धाडसासारखं नव्हतं: हातात पदवी होती, मागे वीसेक वर्षांची तालीम होती, आणि आपण काय सोडतोय याचा पक्का अंदाज होता. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’कडे बघा. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रातले. १९८० मध्ये हे नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेलं. एवढ्या मोठ्या संचातल्या सगळ्यांची रजा मंजूर करून घेणं हीच एक स्वतंत्र नाट्यनिर्मिती असणार.

इथपर्यंत सगळी नावं पुरुषांची आली, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या लक्षात आलंच असेल. बायकांच्या बाबतीत हिशेबच उलटा होता. हंसा वाडकर, मूळच्या रतन साळगावकर, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी ‘विजयाची लग्ने’त झळकल्या. साल १९३६. त्यांना कुणी छंद म्हणून पाठवलं नव्हतं. घर चालवायचं होतं. पुरुष नटाला अभिनयासाठी दुसरीकडचा पगार लागत होता, आणि इथे अभिनय हाच अख्ख्या घराचा पगार होता. तो सोडायची मुभा नाही, आणि ‘सिनेमात काम करते’ म्हणून वर बोलही ऐकायचे. त्यांच्या आत्मचरित्राच्या आधाराने श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ काढला, त्यात काम केलं स्मिता पाटील यांनी. त्याही बेनेगलांच्या नजरेत आल्या त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचताना. जयश्री गडकरांची सुरुवात समूहनृत्यात, मागच्या रांगेत झाली. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने त्या पुढे आल्या, आणि त्याच चित्रपटात हंसाबाईही होत्या. या दोघींची चिकाटी मोजायला वडापावची फूटपट्टी उपयोगाची नाही.

ऐंशीच्या दशकात चेहरे बदलले, पण टेकू तोच राहिला. लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होते. नाट्यगृहातच नोकरी, त्यामुळे भल्याभल्यांची नाटकं विंगेतून बघायला मिळाली. बरोबरीने छोट्या छोट्या भूमिका चालू होत्या. १९८३ मध्ये पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टुरटुर’ने त्यांना उचललं आणि १९८५ च्या ‘धुमधडाका’ने घराघरांत नेलं. त्याच ‘टुरटुर’मधले प्रशांत दामले बेस्टमध्ये नोकरी करत होते, २०२२ साली त्यांचे प्रयोग साडेबारा हजारांवर पोचले. भरत जाधव टॅक्सी चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा. तो शाहीर साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’त नाचत तयार झाला.

व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगागणिक पैसे मिळतात, त्याला ‘नाईट’ म्हणतात. नाईट प्रयोगाची. प्रयोग रद्द झाला की नाईट गेली. तालमीच्या महिन्याभराचं तर बोलूच नका. नव्या पोराची नाईट प्रवासात आणि जेवणात संपते. म्हणून नाईटवर जगायचं असेल तर एक तर नाटक तुफान चालायला हवं, नाहीतर पगार दुसरीकडून यायला हवा. त्यात या धंद्याला लाज वाटण्यासारखं काही नाही. तो या धंद्याचा साधा हिशेब आहे.

आज तो दुसरा पगार आटलाय. अंधेरीच्या आरामनगरात जा. लहानशा खोलीबाहेर पंचवीस-तीस मुलं-मुली भिंतीला टेकून, ओठ हलवत संवाद पाठ करताहेत. आत गेलं की कॅमेऱ्यापुढे नाव, वय, उंची सांगायची, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, दोन मिनिटांचा सीन करायचा. बाहेर. ‘कळवतो.’ हल्ली तर घरच्या घरी मोबाईलवर व्हिडिओ करून पाठवायचा, आणि वर फॉलोअर किती हेही विचारलं जातं. मालिका मिळाली तर घोडबंदर रोडला नाहीतर थेट साताऱ्या-कोल्हापुरात बारा-तेरा तासांची शिफ्ट, आणि आज केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी. आता कुठल्या बँकेचा कारकून हे करू शकेल? साडेतीनला पसार होऊ देणारा साहेबही उरला नाही. मस्टरच्या जागी अंगठा लावायचं यंत्र आलं. म्हणून आजची मुलं डबिंग करतात, शाळांमधून नाट्यशिबिरं घेतात, रात्री डिलिव्हरीची गाडी चालवतात. जाता जाता एक: भूमिका देण्याआधी ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागणारा कुणी भेटला, तर त्याला नमस्कार करावा आणि परत फिरावं.

पगारासारखीच आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे जागा. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये आविष्कार या नाट्यसंस्थेने नाटकं सुरू केली. तिथे धड रंगमंच नव्हता, जिने चढून जावं लागायचं, खालच्या रस्त्याचा गलका वर यायचा. पण भाडं परवडत होतं. त्या एका परवडणाऱ्या भाड्यावर मराठी प्रायोगिक नाटकाची पिढी घडली. पुढे छबिलदास सुटलं आणि आविष्कारने बिऱ्हाड माहीमच्या महापालिका शाळेत हलवलं. आजही नाटकाच्या ग्रुपचा निम्मा जीव तालमीची जागा शोधण्यात जातो. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या पार्किंगमध्ये, वॉचमन हाकलेपर्यंत. शाळांचे हॉल मात्र संध्याकाळनंतर कुलपात असतात. आपल्या वॉर्डातल्या हॉलची किल्ली कुणाकडे असते आणि तो तीन तासांसाठी किती रुपयांत मिळेल, हे इथून घरी जाताना नगरसेवकाला विचारायला हरकत नाही.