स्टिरॉइडचा हिशेब कोणी ठेवायचा?

दमा असलेल्या मुलाला डॉक्टरांनी पंप लिहून दिला की घरातली माणसे हबकतात. पंपात स्टिरॉइड आहे, असे त्यांनी कुठेतरी ऐकलेले असते. त्याच घरातली आजी गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे नाव नसलेल्या गोळ्यांच्या पुड्या आणत असते. त्यांत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन असू शकेल, ही शंका मात्र कुणालाच येत नाही. स्टिरॉइडने होणाऱ्या दीर्घकालीन नुकसानातला टाळता येण्याजोगा मोठा भाग मात्रा, मार्ग आणि मुदत यांचा हिशेब कुणीच न ठेवल्यामुळे होतो, असे माझे म्हणणे आहे.

सप्टेंबर १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळाले. पण १९५२मध्येच एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. अनेक महिने कॉर्टिसोन घेतलेला हा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला, आणि त्याच्या मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या आढळल्या. निरोगी शरीर रोज जेवढे कॉर्टिसॉल बनवते, त्याचे काम साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन करते. त्याहून अधिक बाहेरून येत राहिले की मेंदूतली पियूषिका ग्रंथी इशारा देणे थांबवते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी निजतात. त्यांना जाग यायला कधी काही महिने, कधी वर्षभरही लागते. म्हणून बरेच आठवडे चाललेली गोळी एकदम बंद करणे हे ती फार दिवस घेण्याइतकेच घातक ठरू शकते.

बाकीचे नुकसान चोरपावलांनी येते. हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, म्हणजे रुग्ण ‘आत्ताच तर सुरू केली’ म्हणत असतो त्याच काळात. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून त्याचा गोळा खचतो, तरुण वयात मोतीबिंदू येतो, दबून राहिलेला क्षय उठतो आणि ताप फारसा चढत नसल्याने उशिरा कळतो. साखरेचे उदाहरण तर नीट पाहावे असे आहे. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारनंतर चढते आणि रात्रीतून उतरते. त्यामुळे उपाशीपोटी केलेल्या तपासणीत सगळे ठीक दिसते, आणि मधुमेह महिनोन्‌महिने कागदावर येतच नाही.

इतके असेल तर हे औषध नकोच, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर कोविडच्या काळाने दिले. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, तेही जास्तीत जास्त दहा दिवस दिले गेले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काहीच फायदा झाला नाही. आणि २०२१मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने डोळे आणि जबडे गेले, तेव्हा आटोक्यात नसलेल्या मधुमेहाबरोबर स्टिरॉइडचा वारेमाप वापर हे एक मोठे कारण होते. औषध तेच होते. दम्याच्या पंपातून तर मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनलिकेत औषध जाते. त्याने मुलाच्या उंचीत एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, हे लपवू नये. पण पंप टाळून दम्याचे झटके येऊ दिले, तर प्रत्येक झटक्याला गोळ्यांचा मोठा डोस द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप काही डॉक्टरांचाच आहे: नाव सांगितले तर रुग्ण घाबरून औषध सोडेल. मला हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. ज्याला नाव ठाऊक नाही, तोच बेधडक सोडतो. पुडी संपते, शेताच्या कामात दवाखान्यात जाणे राहून जाते, दोन दिवसांत अंग गळते, मळमळते, सांधे पुन्हा धरतात. नवी पुडी घेताच बरे वाटते आणि ‘या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ अशी खात्री पटते. शरीराची लाचारी इथे औषधाचा गुण म्हणून खपते. मजुरी बुडू नये म्हणून लवकर आराम हवा, ही गरज खरी आहे, आणि आमवातात मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर थोडे स्टिरॉइड देणे योग्यच. मात्र ते कधी आणि कसे उतरवायचे, हे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे.

स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८मध्ये केला. तरीही गजकर्णावर आणि गोरेपणासाठी ती मेडिकलमधून सर्रास मागितली जातात. केवळ नियमाने हे थांबणार नाही. केसपेपरवर औषधाचे नाव, मिलिग्रॅम, सुरू केल्याची तारीख आणि कमी करत जाण्याचे टप्पे लिहून मागणे, एवढे तर प्रत्येक कुटुंबाला करता येते. ब्रिटनमध्ये असे रुग्ण स्टिरॉइडचे कार्ड जवळ बाळगतात. अपघातात बेशुद्ध होऊन आलेल्या माणसाचा रक्तदाब सलाइन देऊनही चढत नसेल, तर त्याला तातडीने हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन हवे आहे, हे डॉक्टरला त्या कार्डावरून कळते. आपल्याकडे त्याच्या खिशात कोरी पुडी असते.