आरशात न दिसणारा सोबती

व्हिडिओ गेममध्ये कला ती कसली, असं म्हणणाऱ्यांना आज एकच पात्र दाखवायचं आहे. खेळ ‘बाल्डर्स गेट ३’, बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजनं २०२३ साली आणलेला. पात्र ॲस्टेरियन. पांढरे केस, तिखट जीभ, आणि पहिल्याच भेटीत तुमच्या गळ्याला सुरी! त्याचा आवाज आणि हावभाव नील न्यूबन यांचे. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये अभिनयाचं पारितोषिक त्यांनाच मिळालं.

हा गृहस्थ रक्तपिपासू पिशाच्च. काझादोर नावाच्या धन्यानं त्याला दोनशे वर्षं गुलाम करून ठेवलेलं. पण हे तो आधी कशाला सांगेल? एका रात्री मुक्कामावर तुम्हाला जाग येते, तर स्वारी तुमच्या मानेवर वाकलेली. दयेपोटी घोटभर पिऊ दिलंत, तर दुसऱ्या दिवशी खेळातल्या वीस पैलूंच्या फाशावर जे दान पडेल त्यातून एक वजा. त्याला मात्र तरतरी. शाप सगळेच लेखक सांगतात. इथे तो तुमच्या दानातून वसूल होतो.

मला सर्वांत आवडतो तो आरशाचा प्रसंग. ॲस्टेरियन हातात आरसा धरून उभा असतो आणि त्यात कोणीच दिसत नाही. स्वतःचा चेहरा तो विसरून गेला आहे. तो कसा दिसतो, हे आता तुम्ही त्याला सांगायचं. खेळाच्या सुरुवातीला स्वतःचं नाक, हनुवटी, केस निवडण्यात आपण किती वेळ घालवलेला असतो, ते आठवलं की हा प्रसंग जास्तच बोचतो.

पुढे शेवट सांगतोय. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी रेडिओ जरा बारीक करावा.

तुमच्या आणि बहुतेक सोबत्यांच्या मेंदूत एकेक अळी शिरलेली आहे. ती काढायची, यासाठीच सारी वणवण. पण त्या अळीमुळेच ॲस्टेरियन दोन शतकांनी उन्हात फिरू शकतो. तुमचा इलाज ती त्याची शिक्षा. दुसरी वाट आहे ती धन्याच्या विधीची: सात हजार जिवांचा बळी द्यायचा आणि शापातून सुटायचं. ते करून तो दुसरा काझादोर होतो. तुम्ही अडवलंत, तर धन्याला मारून ढसाढसा रडतो, आणि शेवटी बंदरावर ऊन अंगाला लागताच पळत सुटतो.

तो पळण्याचा प्रसंग मूळ आवृत्तीत फार घाईत उरकला होता, असं माझं मत. नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्मात्यांनी सहा महिन्यांनंतरची एक मेजवानी जोडली. तिथे त्याच्याशी निवांत बोलता येतं. आधी बंदर पाहा, मग मेजवानीला जा, आणि न्यूबन यांचा आवाज कुठे सैल होतो ते ऐका.