परसातील कोंबड्या : स्वभाव आणि निवड

कोंबडी हा पक्षी हजारो वर्षे मनुष्याच्या सहवासात आहे; तथापि सुशिक्षित नागर कुटुंबास तिचा परिचय बहुधा बाजारातील अंड्यापुरताच असतो. ज्यांच्या घरामागे थोडेबहुत मोकळे परसू आहे, त्यांस चार-सहा कोंबड्या पाळण्याची हौस उत्पन्न झाली, की ते पहिला प्रश्न विचारतात तो अंड्यांच्या संख्येचा. वस्तुतः पहिला प्रश्न स्वभावाचा असावयास हवा. जेथे घरात लहान मूल आहे आणि शेजाऱ्याची भिंत हातभर अंतरावर आहे, तेथे बुजरी किंवा भांडखोर कोंबडी कितीही अंडी देवो, महिन्या-दोन महिन्यांत नकोशी होते.

कोंबडीचा स्वभाव काही अंशी जातीवर व काही अंशी संगोपनावर अवलंबून असतो. जातीचा परिणाम किती असतो, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या नावावरून ओळखली जाणारी लेगहॉर्न ही अंडी देण्यात अग्रेसर. परंतु ती अंगाने हलकी, सदा सावध आणि हात पुढे होताच कुंपणावरून उडून जाणारी. उलट आपल्याकडील असील ही जात झुंजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. असील पक्षी धन्याच्या हातात पुष्कळदा शांत राहतो, पण स्वजातीयांना मात्र सहन करीत नाही. तात्पर्य, माणसाशी सौम्य असणे आणि कळपाशी सौम्य असणे हे दोन निरनिराळे गुण होत. परसात दोन्ही लागतात.

हे दोन्ही गुण ज्या जातींत एकत्र आढळतात, त्यांत कोचिन ही प्रमुख होय. या नावाचा केरळातील कोचीशी संबंध नाही. ते कोचिन-चायना या प्रदेशावरून पडले, आणि पक्षी मात्र चीनमधून १८४० नंतरच्या दशकात इंग्लंडात गेले. पायांच्या बोटांपर्यंत पिसे असलेला तो भला थोरला पक्षी पाहून लोक थक्क झाले. १८४९ साली बोस्टन येथे कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि अमेरिकेत या छंदाची अशी साथ पसरली, की तिला ‘कोंबड्यांचा ज्वर’ असेच नाव मिळाले. ब्रह्मा या जातीचे नाव ब्रह्मपुत्रा नदीवरून आलेले असले, तरी ती आजच्या रूपात घडली अमेरिकेत. इंग्लंडातील केंट परगण्यात विल्यम कुक यांनी १८८६ साली काळी ऑर्पिंग्टन तयार केली. बदामी रंगाची तिची बहीण १८९४ साली आली. या तिन्ही जाती वजनदार व संथ आहेत. त्यांना फारसे उडता येत नाही, म्हणून बुटके कुंपणही पुरते, आणि मुलाने उचलून घेतले तरी त्या फडफड करीत नाहीत. अमेरिकेतील पट्टेदार प्लिमथ रॉक ही त्यांहून चपळ, जिज्ञासू आणि अंड्यांच्या बाबतीत अधिक उदार. कापसासारख्या मऊ पिसांची, काळ्या कातडीची व पाच बोटांची सिल्की तर जणू मुलांसाठीच जन्मली आहे. ती वारंवार खुडूक होते आणि दुसरीची अंडीही आनंदाने उबवते.

परंतु या सौम्यपणाची किंमतही ध्यानात घ्यावयास हवी. जड कोंबडीला मुंगूस किंवा बोका आला असता पळता येत नाही. डोळ्यांवर तुऱ्याची पिसे आलेल्या सिल्कीला वरून येणारी घार दिसत नाही. रात्री पक्के बंद होणारे खुराडे म्हणूनच अनिवार्य ठरते. शिवाय कोंबडीला घाम येत नाही. ती मुख्यतः चोच उघडून धापा टाकून अंग निववते. थंड देशांत फोफावलेला पिसांचा जाड झगा विदर्भातील मे महिन्यात तिच्या जिवावर बेतू शकतो. महाराष्ट्रातील उष्ण भागांत हैदराबाद येथे विकसित झालेली वनराजा, बंगळूर येथील गिरिराजा अथवा चांगली गावठी तलंग हीच निवड शहाणपणाची होय. त्यांच्या अंगी ऑर्पिंग्टनचा मंदपणा नसेल. तो काही अंशी संगोपनाने आणावा लागतो. पिल्लावर वरून हात घातला, तर त्याला तो घारीची झडप वाटतो. तोच हात जमिनीलगत, बाजूने, तळव्यावर कणी घेऊन रोज पुढे केला, तर पिल्लू आपण होऊन हातावर चढते.

कळपाची रचनाही महत्त्वाची. नॉर्वेचे शास्त्रज्ञ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की कोंबड्यांत कोणी कोणास टोचावे याचा ठरलेला क्रम असतो. नवी कोंबडी एकटीच आत सोडली, की तो क्रम मोडतो आणि सर्वांत गरीब कोंबडी रक्तबंबाळ होते. म्हणून शक्यतो एकाच वयाची पिल्ले एकदम आणावीत. नवे पक्षी आणलेच, तर प्रथम काही दिवस जाळीपलीकडे ठेवावेत. कोंबड्याची मात्र शहरात गरज नाही. त्याच्यावाचून कोंबड्या अंडी देतातच. त्याच्या आरवण्याने शेजार दुखावतो, आणि पुष्कळदा तो मुलांच्या अंगावर धावून जातो.

जवळीक वाढली, की स्वच्छतेचा प्रश्न येतो. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जंतू पसरतात. तिला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मुलांनी तिचा मुका घेऊ नये. मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी. २००६ साली नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली होती. एकाएकी पक्षी मरू लागल्यास पशुवैद्यास त्वरित कळवावे, हा तिचा धडा विसरू नये.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कोंबडी भरपूर अंडी देते ती पहिली दोन-तीन वर्षे. जगते मात्र सात-आठ वर्षेसुद्धा. जिला मुलाने नाव ठेवले, जी त्याच्या हाकेसरशी धावत येते, तिची अंडी थांबल्यावर काय करावयाचे? खाटकाकडे द्यावी, तर ज्या विश्वासासाठी ती निवडली त्याचाच घात होतो. ठेवून घ्यावी, तर दाणा आणि जागा द्यावीच लागते. दोन्ही मार्ग पूर्वापार चालत आलेले आहेत, आणि प्रत्येक कुटुंबाने आपला मार्ग आपणच ठरवावयाचा आहे. परंतु तो पिल्ले घरी आणण्यापूर्वी ठरवावा आणि मुलांस स्पष्ट सांगावा. अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी व सोबतीसाठी पाळलेली कोंबडी यांतील भेद ज्या घराने आरंभीच ओळखला, त्या घरात पुढे कोणाच्याही डोळ्यांत पाणी येण्याचा प्रसंग सहसा येत नाही.