सोपी अक्षरे, अवघड अर्थ

नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची असेल, तर आधी त्या माणसाची संमती घ्यावी लागते. ती त्याने समजून-उमजून दिलेली असावी, हे तत्त्व १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने जगापुढे ठेवले. चीनमध्ये १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या औषधचाचण्यांच्या नियमावलीतही संमतिपत्राची भाषा सोपी, सहज कळणारी असावी, असे सांगितले आहे. पण भाषा सोपी आहे की अवघड, हे मोजायचे कसे? आणि ती भाषा चिनी असेल तर?

इंग्रजीत यासाठी मोजपट्ट्या आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये एक सूत्र मांडले. वाक्यात सरासरी किती शब्द आणि शब्दात सरासरी किती उच्चारखंड, एवढेच मोजायचे. दोन्ही वाढले की मजकूर अवघड झाला. १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी या सूत्राचे नवे रूप तयार झाले आणि उत्तर थेट शाळेच्या इयत्तेत मिळू लागले. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संमतिपत्रांचे नमुने या पट्टीने मोजून एक अभ्यास २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली १०.६, म्हणजे दहावीच्याही पुढची. यातल्या अनेक संस्थांनी पाचवी ते दहावीच्या दरम्यानची मर्यादा स्वतःच आखून घेतली होती आणि स्वतःच ओलांडली होती.

हीच पट्टी चिनी मजकुराला मात्र लावता येत नाही. चिनी लिपीतले एक चिन्ह म्हणजे बहुधा एक उच्चारखंड, आणि आजच्या चिनीतले बहुतेक शब्द दोन चिन्हांचे. मग शब्दाची लांबी मोजून हाती काय लागणार? शिवाय दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही. 'यान-ज्यू-शंग-मिंग' ही चार चिन्हे घ्या. दोन चिन्हांनंतर तोडली, तर अर्थ होतो 'जीवनाचा अभ्यास'. तीन चिन्हांनंतर तोडली, तर 'पदव्युत्तर विद्यार्थ्याचे नशीब'! शब्द मोजण्याआधी ते कुठे तुटतात हे संगणकाला ठरवावे लागते, आणि तिथेच चूक झाली तर पुढची सगळी मोजणी चुकते.

मग मोजायचे काय? एक उपाय म्हणजे चिन्हातल्या रेघा. 'एक' या अर्थाचे चिन्ह एका रेघेचे, तर 'कर्करोग' या अर्थाचे १७ रेघांचे. दुसरा उपाय म्हणजे चिन्ह किती ओळखीचे आहे ते पाहणे. १९८८ मध्ये चीनने नेहमीच्या वापरातल्या चिन्हांची यादी काढली. त्यात २,५०० नित्याची आणि १,००० त्यानंतरची. त्याच वर्षीच्या निरक्षरता निर्मूलनाच्या नियमांनुसार शेतकऱ्याला १,५०० आणि शहरवासीयाला २,००० चिन्हे आली की तो साक्षर. म्हणजे नेहमीची चिन्हे वापरून लिहिलेले संमतिपत्रसुद्धा एखाद्या साक्षर शेतकऱ्याला जागोजागी अडवू शकते. तैवानच्या नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी चिन्हे, शब्द, वाक्यरचना, वाक्यांची सांगड अशा अनेक गोष्टी एकत्र तपासणारी संगणकप्रणालीही तयार केली आहे.

पण खरी मेख पुढेच आहे. चिनीत वैद्यकीय शब्द साध्या चिन्हांतून घडतात. मधुमेहाला चिनीत म्हणतात 'थांग-न्याओ-बिंग', म्हणजे साखर, लघवी, आजार. आपल्या 'मधुमेहा'ची फोडही काहीशी अशीच आहे. कमी शिकलेल्यालाही अंदाज येतो. आता 'श्वांग-मांग' हा शब्द पाहा. पहिले चिन्ह ४ रेघांचे, दुसरे ८ रेघांचे. अर्थ 'दुहेरी' आणि 'आंधळा'. रेघा मोजणारी पट्टी म्हणेल, सोपा शब्द! प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की कोणाला खरे औषध मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. प्लासिबोला म्हणतात 'आन-वेइ-जी', शब्दशः 'दिलासा देणारे औषध'. त्यात औषधी द्रव्यच नसते. पण घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला असताना कागदावर 'दिलासा' वाचणाऱ्याला हे कसे उमगावे? तो प्रत्येक चिन्ह बिनचूक वाचेल आणि चुकीच्या समजुतीवर सही करील.

म्हणून मोजणी टाकाऊ ठरत नाही. लांबलचक वाक्ये आणि अनोळखी चिन्हे यांनी गच्च भरलेले संमतिपत्र परत पाठवायला आकडा उपयोगी पडतो. मात्र एखादे संमतिपत्र चांगले आहे, असा दाखला देण्याची ताकद आकड्यात नाही. आकडा कागदाविषयी सांगतो, वाचणाऱ्याच्या मनात काय उतरले ते सांगत नाही. ते कळण्याचा मार्ग साधा आहे. रुग्णाला विचारायचे, 'तुमच्यावर काय होणार आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा. तुम्हाला खरे औषध न मिळण्याची शक्यता आहे का? मधेच थांबावेसे वाटले तर काय कराल?'

या तिसऱ्या प्रश्नाचे 'मी केव्हाही बाहेर पडू शकतो' हे उत्तर ज्याला देता आले, त्याच्या सहीला अर्थ आहे. ज्याला ते देता आले नाही, त्याला पुन्हा समजावून सांगायला हवे, मग संमतिपत्राला कितीही चांगले गुण पडलेले असोत. कारण संमतिपत्र 'हो' म्हणवून घेण्यासाठी असते, तितकेच 'नाही' म्हणण्याची वाट मोकळी ठेवण्यासाठीही असते.