चट्टा एकाचा, काळजी चौघांची



माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकते. सोरायसिस, इसब, कोड यांसारख्या जुनाट आजारांत मोबाइलचा उपयोग तज्ज्ञाला एकदा चट्टा दाखवण्यापुरता धरला, तर रुग्णाच्या पदरात फारसे काही पडत नाही. तज्ज्ञ, गावचा डॉक्टर, उपकेंद्र आणि स्वतः रुग्ण हे चौघे वर्षानुवर्षे एकमेकांना धरून राहावेत, यासाठी तो वापरायला हवा.

आपल्या अकोले तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. रतनवाडी, साम्रद, घाटघरच्या माणसाला त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा तर राजूर, अकोले करत संगमनेर, नाहीतर थेट लोणीचे प्रवरा रुग्णालय. काही जण घोटीमार्गे नाशिक धरतात. दिवस मोडतो, मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत घर सोडवत नाही, आणि आवणी उरकली की बरीच माणसे जुन्नर-नारायणगावकडे कामाला उतरतात. ताप भरला तर माणूस कसाही करून दवाखाना गाठतो. चट्ट्यांसाठी दर महिन्याला कोण जाईल? मग उरते ती मेडिकलमधून आणलेली ट्यूब.

या ट्यूबविषयी बोललेच पाहिजे. तिच्यात बऱ्याचदा जबरदस्त ताकदीचे स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती घरभर फिरते. नायटा असेल तर तो वरवर दबतो आणि पसरत राहतो, कातडी पातळ होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले, तरी ती सहज मिळतात हे आपण सगळे जाणतो. सोरायसिसमध्ये धोका याहून मोठा. स्टेरॉइडची सुई दिली की अंग साफ होते, रुग्ण खूश होतो. औषध थांबले की आजार दुप्पट जोराने उसळतो, कधी अंगभर पू धरलेल्या फोडांसह. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी दोष देत नाही. समोर माणूस खाजवून रक्तबंबाळ झालेला असतो आणि सल्ला विचारायला जवळ कुणी नसते. असे विचारायला हक्काचे कुणी असावे, एवढ्यासाठीसुद्धा ऑनलाइन टीम हवी.

असे दुरून उपचार जमतात का? अमेरिकेत डॉ. एप्रिल आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 296 सोरायसिस रुग्णांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने नेहमीसारखे दवाखान्यात जाऊन उपचार घेतले. दुसऱ्या गटाचे फोटो आणि माहिती ऑनलाइन जायची. तज्ज्ञ सवडीने ते पाहून सल्ला द्यायचे आणि फॅमिली डॉक्टरही त्यात सामील असायचे. वर्षभरानंतर दोन्ही गटांतली सुधारणा बरोबरीची निघाली. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की दोघांनी एकाच वेळी पडद्यासमोर बसण्याची गरज नव्हती. घाटघरला सकाळी काढलेला फोटो राजूरच्या बाजाराला आल्यावर, रेंज मिळाल्यावर गेला तरी चालेल. आपल्याकडे तर रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये आशा आणि समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) अशी दोन जाणती माणसे आहेत. त्या अभ्यासात ही सोय नव्हती.

आपली ई-संजीवनी ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा 2019 पासून सुरू आहे. 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनचे नियमही आले. तापा-खोकल्याला ही सेवा उपयोगी पडते, यात शंका नाही. पण जुनाट आजाराचा रुग्ण आज एका डॉक्टरला दिसतो, महिन्याने दुसऱ्याला. प्रत्येक वेळी कहाणी पहिल्यापासून. मागचा फोटो शेजारी ठेवल्याशिवाय चट्टा पातळ झाला की नुसता पसरला, हे मला सांगता येत नाही.

फोटो कसा काढावा, हे आशाताईंनी नीट ऐकावे. फ्लॅश बंद. रुग्णाला दारात, उंबऱ्यापाशी उजेडात उभे करा. मोबाइलची काच पदराने पुसून घ्या. एक फोटो हातभर अंतरावरून, एक जवळून, शेजारी एक रुपयाचे नाणे धरून. गोऱ्या कातडीवर लाल दिसणारा चट्टा आपल्या सावळ्या अंगावर जांभळट, कधी राखी-तपकिरी दिसतो, म्हणून रंगावर जाऊ नका; खपली दिसली पाहिजे. आणि रुग्ण दाखवील तेवढ्यावर थांबू नका. डोक्याचा ‘कोंडा’, कानामागे, कमरेखाली, बेंबीत पाहा. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील तर सकाळी उठल्यावर बोटे, टाचा आखडतात का, हे जरूर विचारा. सोरायसिस सांध्यांतही उतरतो, आणि उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होतात.

आता औषधाकडे येते, कारण खरी कसोटी तिथे आहे. मेथोट्रेक्सेट हे स्वस्त आणि गुणकारी औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर तोंड सोलवटते, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावू शकतो. त्याच्यासोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही बहुधा पिवळीच असते. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईने दोन पिवळ्या गोळ्या कशा ओळखायच्या? तज्ज्ञाने शहरात बसून कितीही चांगली चिठ्ठी लिहिली, तरी दर सोमवारी दारात उभे राहून ‘आजी, आजची गोळी घेतली का? उद्या घ्यायची नाही हं’ असे म्हणणारी आशाच तो जीव राखते. रक्ततपासणी वेळेवर झाली का, हे गावच्या डॉक्टरने पाहायचे. घरात दारू किती चालते, सून गरोदर आहे का, हे सिस्टरलाच विचारता येते. हे औषध गरोदरपणात चालत नाही.

पडद्यावर काय जमत नाही, तेही स्पष्ट सांगते. स्पर्श जमत नाही. फिकट चट्टा कोडाचा की कुष्ठरोगाचा, हे चट्ट्यावर संवेदना आहे की नाही यावरून ओळखायला मदत होते. रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाने वा पेनच्या टोकाने हलके स्पर्श करायचा, आणि ‘कुठे लागले?’ विचारायचे. हे काम उपकेंद्रातल्या हातांनी करायचे आणि निष्कर्ष फोटोसोबत लिहून पाठवायचा. बधिर चट्ट्याच्या रुग्णाला ऑनलाइन अडकवून न ठेवता थेट तपासणीला पाठवायचे.

फोटो म्हणजे कुणाचे तरी उघडे अंग, हे क्षणभरही विसरू नका. आरोग्य कर्मचाऱ्याने सल्ला मागितला तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी, असे 2020 चे नियम सांगतात. माझी विनंती आणखी पुढची आहे. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लसीकरणाचे निरोप आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, तिथे कुणाच्याही अंगाचा फोटो टाकू नये. कोड असलेल्या मुलीचे लग्न एका फोटोपायी मोडू शकते. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या पुढाकाराने श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांना एकत्र आणते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ चित्रपटाने 2006 मध्ये हाच विषय मांडला. आपल्या टीममध्ये आजारासोबत जगलेला एखादा अनुभवी रुग्णही असावा. ‘मलाही आहे, मी संसार केला’ हे वाक्य तो म्हणू शकतो, मी नाही.

या बैठकीच्या दुपारच्या सत्रात ठराव मांडणार असाल, तर छोटा मांडा. राजूर, कोतूळ आणि समशेरपूर इथून सुरुवात करा. प्रत्येक रुग्णाला एकच कार्ड, आठवड्याचा ठरलेला वार आणि दर वेळी तोच तज्ज्ञ. पहिल्या सहा महिन्यांसाठी गुरुवारी दुपारी फोटो पाहायला मी बसेन. ज्या उपकेंद्रांना यात यायचे आहे, त्यांनी चहाच्या सुटीत माझ्याकडे नावे द्यावीत.